पार्किंगला प्रदक्षिणा

रेडमंड, १२ ऑक्टोबर २००४

तीर्थरूप सुलभाआत्या,

इथूनच वाकून नमस्कार. (आशीर्वाद द्यायला तू वाकू नकोस, गुडघे नवे आहेत.) व्यायाम करतेस ना?

लग्न होऊन मी निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "हिला कुठेही सोडा, ही चप्पल काढायला जागा शोधेल." ती सापडली. सिएटलच्या भर बाजारात, बँक आणि नूडल्सचं हॉटेल यांच्यामध्ये, बहुमजली पार्किंगच्या भिंतीला टेकून जपानी लोकांचं शिंतो देऊळ आहे, आपल्या तुळशीवृंदावनाहून थोडं मोठं. मूर्ती दिसत नाही. (देव आत आहेत म्हणे, दाखवायची पद्धत नाही.)

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी शंतनू मला तिथे सोडून गाडीत बसून राहिला. मी चपला काढल्या, हात जोडले आणि सवयीने प्रदक्षिणेला निघाले. देवळाची पाठ भिंतीला. अर्ध्यातून परत फिरणं बरं दिसेना, म्हणून बँक, फोनचं दुकान, पार्किंगचं तोंड अशी अख्ख्या ब्लॉकलाच प्रदक्षिणा घातली, अनवाणी, भर पावसात. दुसऱ्या फेरीला नूडल्सवाल्याने मेन्यू बाहेर आणून दाखवला. तिसऱ्या फेरीला पोलिसाने शंतनूला विचारलं, या बाईंना ओळखता का? हो म्हणायला शंतनूने बराच वेळ घेतला.

शेवटी देऊळ सांभाळणाऱ्या ओकाडाबाईंनी (वय तुझ्याएवढं, दराराही) मला टॉवेल दिला. इथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं, झालं, म्हणाल्या. फेऱ्या कुणी घालत नाही. काय मागितलंत, असं विचारलं. आत्याचे गुडघे, मी म्हणाले. तिनेच मला वाढवलं, असंही सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि तुझ्यासाठी दोन टाळ्या स्वतः वाजवल्या.

बाकी ठीक. नैना शाळेत 'माय ग्रँडमदर' म्हणून तुझाच फोटो घेऊन गेली. मी दुरुस्ती केली नाही.

तुझी,
रेणू

ता. क. नवस बोलताना घाईत मी असं बोलले, की ऑपरेशन नीट झालं तर आत्या स्वतः येऊन पाच प्रदक्षिणा घालेल. तू आजवर तीनदा तिकीट कॅन्सल करायला लावलंस, हे त्या देवाला माहीत नसावं.

आणखी एक. तुझ्याऐवजी हा नवस मी फेडला तर चालेल का, असं ओकाडाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कल्पना नाही, असं आधी कुणी केलेलं नाही. आता भेटल्या की विचारतात, "आंटी कमिंग?" मी एप्रिल सांगून बसलेय. गाव चढउताराचं आहे, पण हा ब्लॉक सपाट आहे. तू नाहीच म्हणणार. तरी एप्रिलमध्ये ये ना.