हँडलवरची चिंधी

आप्पा, मे महिना लागला की मला तुमच्या किकचा आवाज येतो. चालू गाडीच्या किकचा नाही. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं आणि ते आत सगळीकडे फिरावं म्हणून हळूहळू किक मारायची, तो. तेव्हा इंजिन पेटायचं नाही, नुसतं फस्स करून श्वास टाकायचं. काल दुपारी मी इथे आखातात, करामातल्या मेसमध्ये डब्यांच्या पोळ्या लाटत होते आणि तो आवाज मोरीच्या बाजूनं आला. तीनदा. लाटणं ठेवून बघून आले, काही नव्हतं. मग गॅसचं बटण बघितलं, सिलिंडर बघितला, दोन पोळ्या झाल्यावर उठून परत बटण बघितलं. माझ्याबरोबर पोळ्या करणारी बाई हसते मला. म्हणते, ताई, गॅसला किती वेळा नमस्कार करता? मी तिला गप बस म्हणाले. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तोंडावर सांगायचं ते राहून गेलं, म्हणून कागद घेतलाय. अक्षर सातवी नापासाचंच आहे अजून, पण तुम्ही कुठे वाचणार आहात.

नवऱ्यानं टाकल्यावर तुम्ही मला इकडे मुसफ्फ्याला, तुमच्या गॅरेजवर आणलंत. गावात सांगितलंत, हिची आई गेल्यापासून माझ्या जेवणाचे हाल होतात म्हणून नेतो. मला काय कळत नव्हतं? पण तुम्ही तेच कारण शेवटपर्यंत धरून ठेवलंत, मीही धरलं. गॅरेजच्या मागे पत्र्याची खोली, तिथे माझा स्वयंपाक. शटरच्या बाजूला तुमच्या मोटारसायकली. उन्हाळा आला की तेल कंपन्यांतले गोरे साहेब बायकापोरं घेऊन आपापल्या देशात जायचे आणि जाण्याआधी गाड्या आपल्याकडे आणून लावायचे. एकानं एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं, गाडी थंडीत बंद करून कशी ठेवायची त्याचं. पहिल्याच पानावर बर्फात बुडालेलं घर. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, मला तर त्याहून नाही. आपण दोघं फरशीवर बसून नुसती चित्रं बघतोय. तुम्ही म्हणालात, "त्यांचा बर्फ तसा आपला जुलै. काम तेच."

टाकी काठोकाठ भरायची म्हणजे आतून गंजत नाही. कार्बोरेटर रिकामा करायचा, बॅटरी काढून खोलीत ठेवायची, चेनला ग्रीस, मेन स्टँडखाली फळी म्हणजे टायर जमिनीला टेकत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा, वाळू आणि उंदीर जाऊ नयेत म्हणून. वरून सुती चादर. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून प्लास्टिक गुंडाळलं आणि आत दमट वाफ धरून सगळ्या चकचकीत भागांवर गंजाचे ठिपके उठले. तुम्ही ओरडला नाहीत. पॉलिशचा डबा माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "घाई कुणाची हाय तुला? उन्हाळा पळून चाललाय व्हय?" चार दिवस घासत होते. पाचव्या दिवशी तुम्ही मला दहा-अकराचा पाना दिलात, माझा स्वतःचा. तोवर मला असं कुणी काही दिलं नव्हतं, लग्नात दिलेलं धरूनसुद्धा. तो मी आजही वापरते, पोळपाटाचा पाय हलायला लागला की.

आणि चिंधी. आईच्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून तुम्ही प्रत्येक गाडीच्या हँडलला एक बांधायचात. सप्टेंबरात गाडी परत सुरू करताना जेवढी कामं तेवढ्या गाठी मारायच्या. काम झालं की एक गाठ सोडायची, आणि ज्यानं काम केलं त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हँडल मोकळं दिसलं की गाडी तयार. दुसरं काही बघायची गरज नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची वही होती ती, आणि एवढ्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी तीन गाड्या एकदम उघडल्या होत्या. निळ्या गाडीच्या चिंधीला दोन गाठी उरल्या होत्या. एक माझी, सायलेन्सरच्या बोळ्याची. एक तुमची. तुम्ही जुनं ऑइल काढून नवं भरलं होतं, ऑइल सोडायचा खालचा बोल्ट नुसता हातानं लावला होता आणि पाना मारून घट्ट करायचा होता. तेवढ्यात शेजारच्या वर्कशॉपमधून तुम्हाला फोनला बोलावलं. मी बोळा काढला. गाठ सोडायला गेले तर ग्रीस लागून ती चिकटून बसली होती. आत माझा भात लागायला आलेला, वास यायला लागला होता. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हातात कांद्याची सुरी होती. मी दोन्ही गाठींसकट चिंधी हँडलवरून कापून काढली आणि ती हातात तशीच घेऊन आत पळाले. दोन गाठी आहेत हे मला दिसलं होतं, आप्पा. दिसलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, पण दिसलं होतं. म्हटलं, बाहेर येऊन सांगीन. भात उतरवला, मग आमटीला फोडणी दिली, आणि डोक्यातून गेलं.

निळ्या गाडीचा साहेब आला. तुम्ही दुसऱ्या गाडीवरून उठलात, निळीच्या हँडलकडे बघितलंत, सीट पुसलीत. त्यानं विचारलं, फिनिश? तुम्ही म्हणालात, "खलास, साहेब." मी दारातून बघत होते. तेव्हाही आठवलं नाही.

तासाभरात निरोप आला. बोल्ट गळून पडला होता, ऑइल मागच्या टायरवर उडालं, गाडी घसरली. साहेबाची मांडी मोडली. जीव वाचला, एवढंच. तुम्ही हॉस्पिटलात जाऊन आलात. तो तुम्हाला काहीच बोलला नाही, उलट हात हातात घेतला, हे तुम्ही सांगितलंत आणि बाकड्याखाली वाकून काहीतरी शोधायला लागलात. काय ते मला कळलं. चिंधी माझ्या परातीखाली होती. तुम्ही बाहेर शोधत होतात तेवढ्या वेळात मी ती उचलून डाळीच्या डब्यात खाली दाबली.

मग तुम्ही आत येऊन ताटावर बसलात. हातांकडे बघत विचारलंत, "गाठ मीच सोडली का गं?"

मी म्हणाले, "तुम्हीच सोडली असणार. दुसरं कोण सोडेल?"

तुम्ही म्हणालात, "असंल."

त्यानंतरचे तुमचे हात मला बघवत नव्हते. एक बोल्ट चारदा आवळायचा, दहा पावलं जायचं, परत यायचं. गिऱ्हाईक ताटकळायचं, यल्ला यल्ला करून घाई करायचं, मग दुसरीकडे जायला लागलं. ज्या माणसाला इंजिनाच्या आवाजावरून कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगता यायचं, तो बाथरूमचा नळ बंद आहे का म्हणून मला विचारायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एकही गाडी ठेवून घेतली नाहीत. म्हणालात, हात इसरतोय माझा, आता दुसऱ्याचा जीव नको. शटर ओढून गावी गेलात. मी इथे मेसमध्ये लागले. फोनवर काका सांगायचे, शेजारच्यांच्या सायकलींचे नट बघत फिरतो, लोक हसतात. दोन वर्षं तुम्ही तसे फिरलात. एक वाक्य बोलले असते तर तुमचे हात तुम्हाला परत मिळाले असते. दर फोनला ठरवायचे. दर फोनला विचारायचे, जेवलात का?

हा कागद त्या डाळीच्या डब्यातच जाणार, चिंधीच्या शेजारी. जाळायचा धीर नाही आणि पाठवायला पत्ता नाही. फक्त एक राहिलंय, तेही लिहून टाकते. तुम्ही 'असंल' म्हणालात ना, तेव्हा मला रडू नाही आलं. हायसं वाटलं. तुम्ही ताटावरून तसेच उठून गेलात, आणि मला सकाळपासून भूक लागली होती. मी जेवले. माझं संपल्यावर तुमच्या ताटातला भातही जेवले. थोडा लागला होता खालून, पण चांगला झाला होता.