मामा, इथे खोकायचं

बीजिंग, कडाक्याच्या थंडीतला रविवार

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या पायांशी कपाळ टेकून भाच्याचा नमस्कार. मामींचे गुडघे आणि तुमचे दात कसे आहेत? पुढचे दात तरी जपा बरं का. ते पडले तर अख्ख्या पंचक्रोशीला लग्नं आणि मयती दोन्ही सनईवाचून मुक्यानं उरकाव्या लागतील. आईला सांगा, मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो, आणि तिनं शिवलेला कापूस भरलेला कोट अंगावरून उतरत नाही. (इथपर्यंत मोठ्यानं वाचलंत ना? शाब्बास. आता खोकायचं आणि पुढचं मनात वाचायचं. आई विचारील, "का रे थांबलास?" तर म्हणा, पोराचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.)

तो कोट मी विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थ्याला दिला आणि त्याची गिटार घेतली. ओरडू नका, मनात वाचताय तुम्ही! मामा, सनई तुम्हीच शिकवलीत, तेव्हा तुम्हाला तरी कळेल. आमच्या सरकारी नृत्यगान मंडळात मी सनई वाजवतो म्हणजे काय, तर सुगीच्या आनंदाचं गाणं आलं की उभं राहायचं, आनंद फुंकायचा, खाली बसायचं. सुगी दर शनिवारी येते. गिटार हातात आली की मात्र पोटातून काहीतरी उसळतं आणि घसा खरवडून बाहेर पडतं. आमचा ढोलवाला हाओ म्हणतो, हे गाणं नव्हे, हे तर डुकराला धरल्यावरचं ओरडणं. पण म्हणत म्हणत तो वाजवायला बसला, आणि तेव्हापासून उठलेला नाही.

आईचे उपकार मी विसरलेलो नाही. तिनं वेळेआधी निवृत्ती घेऊन मंडळाच्या शिवणखात्यातली जागा सोडली, म्हणून तर तिच्या बदली मला आत घेतलं. सरकारी नोकरी म्हणजे लोखंडी वाडगा, आपटला तरी फुटत नाही, असं ती सांगायची. (तोही फोडता येतो. पुढे वाचा.)

सराव करायचा कुठे? वसतिगृहात शेजारी भिंत ठोकतात, अंगणात म्हाताऱ्या ओरडतात, आणि ओरडण्यात त्या आमच्याहून सरस आहेत. शेवटी हाओला भटारखान्यामागची शेड सापडली. हिवाळ्याचा सगळा कोबी तिथे रचलेला, छताला भिडेल इतका, आणि वरून जुन्या रजया पांघरलेल्या. कोबीला गाण्याचं वावडं नसतं, तेव्हा आम्ही खूश. फक्त आवाज थेट मंडळप्रमुख छ्यूसाहेबांच्या खिडकीत जायचा. मग मला (हो, मलाच, हाओला नावं ठेवू नका) अक्कल सुचली: रजया काढून भिंतींना टांगायच्या. काय सांगू मामा, आवाज असा दबला की छ्यूसाहेबांनी आमच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्या खुशीत आम्ही रजया तशाच भिंतीवर ठेवून झोपायला गेलो, आणि नेमकी उत्तरेची थंडी उतरली. सकाळी भटारखान्यातल्या फानमावशींनी कोबी उचलला, तर खणकन वाजला. अख्ख्या मंडळाचा हिवाळ्याचा कोबी, मामा! भिंती मात्र उबदार होत्या.

(इथे पुन्हा खोका. जरा जोरात.)

शिक्षा ठरली: सगळ्यांसमोर आत्मटीका वाचायची. मी ती मनापासून लिहिली, शपथ! पण भोजनगृहात उभा राहिलो, समोर ती सगळी कोबी न मिळालेली तोंडं, आणि माझा आवाजच फुटेना. हाओला माझी दया आली. त्यानं उलट्या बादलीवर हलकेच ठेका धरला. एवढंच निमित्त झालं. "रजई ओढली मी कोबीची, थंडी वाजली साऱ्या गावाला" हे जे तोंडातून निघालं ते सुरातच, त्याच डुकराच्या आवाजात. मग कुणीतरी जेवायच्या काडीनं वाडगा वाजवला, मग सगळ्यांनीच, आणि मागून एकजण ओरडला, "पुन्हा म्हण रे! इकडे पश्चात्ताप नीट ऐकू आला नाही!" छ्यूसाहेबांचा एक पाय ताल धरू लागला होता, तो लक्षात येताच त्यांनी दुसरा पाय त्यावर ठेवला आणि गरजले, "गोंग बाओलिन! आत्मटीका मान खाली घालून करायची असते, मान हलवत नव्हे!"

मामा, आजवर मला कुणी 'पुन्हा म्हण' म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. लोकांना वाटलं पश्चात्ताप.

(आता मोठ्यानं:) बाकी सर्व क्षेम. आईला नमस्कार, मामींना नमस्कार, कोंबड्यांना दाणे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
बाओलिन

ता. क. छ्यूसाहेबांनी माझी सनई कपाटात कोंडली आहे. निकाल असा: नववर्षाआधी कोबी खाण्याजोगा झाला तर राहा, नाहीतर चालू लाग, मग आईची जागा गेली ती गेलीच. फानमावशी म्हणतात, गोठून मऊ पडलेला कोबी आंबवला तरच वाचेल, आणि एवढा कोबी आंबवणारा हात मला एकच माहीत आहे. तेव्हा आईला पाठवा, तिच्या त्या कोबी दाबायच्या दगडासकट. कारण काहीही सांगा. गिटार, कोट आणि गाणं सोडून.

पुन्हा ता. क. नोकरी गेली तरी मी गाणारच, हे तुमच्यापाशी कबूल करतो. पण तिनं माझ्यासाठी सोडलेली जागा मी कोबीपायी घालवली, हे तिला कळू नये. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवताना आत्ता ध्यानात आलं. तुम्ही सनईवाले, तुमच्या छातीला जन्मात खोकला शिवलेला नाही. आईला अक्षर ओळखता येत नाही, पण भाऊ ओळखता येतो. तुम्ही पहिल्यांदा खोकलात तेव्हाच पोराचं काहीतरी बिनसलंय हे ओळखून तिनं उठून बोचकं बांधलं असेल. आता लपवू नका, सगळं पहिल्यापासून वाचून दाखवा. आणि म्हणावं, येताना बाबांचा जुना कोट घेऊन ये. इथे फार थंडी वाजते गं.