दादाला उचलण्याची शास्त्रीय पद्धत

५ जानेवारी, रविवार
दादाला ठाण्याच्या हॉस्पिटलातून घरी आणलं. टेम्पोतून उतरवायला सात माणसं लागली. आठवा मी, पण मी सूचना देत होतो. दादाची उजवी बाजू गेली आहे. बोलणं जड झालंय, डोकं मात्र लख्ख. वजन १३८ किलो. माझं ६१. डॉक्टर म्हणाले, याला हलवायला दोन शिकलेली माणसं लागतील. डॉक्टरांनी मला नीट पाहिलेलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. दादाने लग्नांतले टोप ढवळून मला बी.कॉम. केलं. सावळाराम आचारी म्हटला की शहापूर-मुरबाडमध्ये पाचशे पानांची चिंता मिटायची. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. आता माझी पाळी.

संकल्प: दादाचं सगळं मी स्वतः करणार. बाहेरचं माणूस नको. भातसानगरच्या धरणाच्या ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. पंधरा दिवसांत दादा बसता, महिन्यात उभा.

संगीता म्हणाली, वाडीवरच्या मंगळीला विचारूया का, तिने सासऱ्याला तीन वर्षं अंथरुणात सांभाळलं होतं. मी म्हटलं, सासरा चाळीस किलोचा असेल. इथे मॅनेजमेंट लागतं. बायकोला हे कळणं कठीण.

६ जानेवारी, सोमवार
सकाळी ७. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. सगळे परदेशी, पेशंट सगळे काटकुळे. तत्त्व कळलं. पाठ ताठ, गुडघे वाकवायचे, श्वास सोडत उचलायचं.
सकाळी ८. उचललं. दादा तीन इंच वर आला, मग परत गेला. पहिल्या दिवशी तीन इंच वाईट नाही.
८.२०. संडास घराबाहेर, चौदा पावलांवर. दादा थांबू शकला नाही. चादरी संगीताने बदलल्या. त्याला न उचलता कशा बदलल्या ते बघायचं राहिलं, मी चार्ट आखत होतो.

चार्ट भिंतीवर लावला. दर दोन तासांनी कूस, पाणी, पॉट, खाणं. लाल-हिरवी पेनं. दादाने बराच वेळ पाहिला. म्हणाला, "अक्षर चांगला हाय तुझा."

९ जानेवारी, गुरुवार
शहापूरची फिजिओवाली स्नेहल स्कूटीवरून आली. वय फार तर चोवीस. पलंगाच्या पायांखाली विटा लावून तो कमरेइतका उंच करा म्हणाली, म्हणजे आपली पाठ वाचते. पेशंटखाली दुहेरी चादर टाका, दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. काखेत हात घालून कधीही ओढू नका, लुळा खांदा निखळतो. कूस बदलताना कंबर, टाचा, पोटाच्या वळ्या बघा, कोरड्या ठेवा. पाणी दिवसाला दोन लिटर तरी.
मुलगी हुशार आहे. अनुभव नाही.
विटा नंतर आणू.

१२ जानेवारी, रविवार
दादा पलंगावरून खाली घसरत चालला होता. संगीता विहिरीवर. हाक मारली असती, पण मग पद्धतीला अर्थ काय? काखेत हात घातले आणि ओढला. (एकदाच.) दादा ओरडला. तेवढ्यात माझ्याही कंबरेत काहीतरी कट्‌ झालं. मी खाली फरशीवर, दादा वर अर्धा लोंबता. दोघेही छताकडे बघत. दादाने विचारलं, "लागला का रे तुला?" मी नाही म्हटलं. उठता येत नव्हतं.

संगीता आली. सरळ वाडीवर गेली आणि मंगळीला घेऊन आली. मंगळी म्हणजे हाडं आणि लुगडं. दोघींनी चादरीला धरून दादाला वर सरकवलं. मग मला.

निव्वळ नशीब.

१६ जानेवारी, गुरुवार
कंबरेला पट्टा. झोपून लिहितोय. मंगळी आता रोज येते. तात्पुरती. मी सुपरव्हिजन बघतो.
निरीक्षण: ती दादाला हात लावण्याआधी सांगते काय करणार आहे ते. "दादा, आता उजव्या अंगाव घेताव. डावा गुडघा वर करा. माझ्या खांद्याव हात टाका. बोला, तीन कवा म्हनू?" मग दादाच तीन म्हणतो. तो तीन म्हणाला की १३८ किलो माणूस पान उलटावं तसा कुशीवर होतो.
मी म्हटलं, विचारण्यात वेळ जातो. ती म्हणाली, "भाऊ, मानूस उचलायचा नाय. सरकवायचा. आन इचारला तर तो सोता बी जोर लावतो."
हे मी मनात आधीच म्हटलं होतं. वहीत आज लिहिलं, एवढंच.

दादा तिच्याशी हसतो. मी खोलीत गेलो की गप्प. पेशंटला शिस्तीची जाणीव होते आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
ऑफिस सुरू. दादा अजून बसता नाही. महिना अजून बाकी आहे.
कूस बदलण्याच्या खुणा रोज सकाळी निघण्यापूर्वी दिवसभराच्या करून ठेवतो. सोयीचं पडतं.
मंगळीने पलंगाखाली विटा लावल्या. कोणालाही न विचारता. उंची बरोबर आहे.

२७ जानेवारी, सोमवार
ऑफिसात बसल्या बसल्या सुचलं. धरणावर एवढाली गेटं उचलतात, ती काय चादरीने? साखळीच्या कप्पीने! आमच्या खोलीत वर लोखंडी गर्डर आहेच. कप्पी, खाली ताडपत्रीची झोळी, झोळीत दादा. एक माणूस, एक साखळी. पलंगावरून थेट कमोडच्या खुर्चीत. मंगळीची गरज शून्य.
संगीताला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ निवडत राहिली.

१ फेब्रुवारी, शनिवार
मुरबाडच्या गॅरेजवाल्या महादूकडून कप्पी आणली. महादूने विचारलं, कुठलं इंजिन उतरवायचंय? मी म्हटलं, घरगुती आहे.
ट्रायल: भाताच्या तीन गोणी, म्हणजे दीडशे किलो. भुर्रकन वर! दोन वेळा वर, दोन वेळा खाली. शास्त्र ते शास्त्रच. मंगळीला उद्याची सुट्टी देऊन टाकली. म्हणाली, "गोनी घाबरत नाय, भाऊ."

२ फेब्रुवारी, रविवार
दुपारी १.
प्रयोग २५ टक्के यशस्वी.

रात्री ९.
सविस्तर लिहायला हवं. सकाळी दहाला दादाला झोळीत घेतला. तो नको म्हणत होता. सुरुवातीला सगळेच म्हणतात. साखळी ओढली, दादा वर आला, पलंगापासून चांगला अडीच फूट. तिथे झोळी एका बाजूला कलली. गोण्या कलत नाहीत. दादाने डाव्या हाताने साखळी धरली, साखळी कप्पीत अडकली. वर जाईना, खाली येईना.

पंचवीस मिनिटं. मी स्टुलावर चढून कप्पी हलवत होतो. संगीता खालून दादाचे पाय धरून उभी. तिने ओरडून माणसं बोलावली. शेजारचा विठूकाका आला, त्याच्यामागे अर्धी आळी. दारात बायका, पोरं. ज्यांच्या लग्नात दादाने जेवण केलं ते. दादाने डोळे मिटून घेतले होते. मग त्याला आवरलं नाही. ताडपत्रीतून खाली गळायला लागलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मंगळीला कोणीतरी निरोप दिला. ती धावत आली, वर पाहिलं, आणि म्हणाली, "त्याला खाली कशाला आनताव? पलंग वर आना." शेजारून दोन गाद्या, आमच्या दोन, त्यावर उशा, असं सगळं चौघांनी पलंगावर रचलं, दादाला टेकू मिळेपर्यंत. भार निघाला तशी साखळी आपोआप सुटली. मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही. दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी दादाला समजावलं की चूक साखळी धरल्यामुळे झाली. तो भिंतीकडे तोंड करून होता. म्हणाला, "हेमंता, आता मला उचलू नको रे."
दमला असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चांगली बातमी. दादाला कंट्रोल आला! आधी दिवसातून सहा-सात वेळा पॉट लागायचा. परवा तीनदा. काल दोनदा. आज एकदाच. चार्टवर हिरव्या पेनाने लिहिलं. पाण्याचा जग सकाळी मी स्वतः भरून त्याच्या डाव्या हाताशी ठेवतो, संध्याकाळी रिकामा असतो. म्हणजे पाणी व्यवस्थित चाललंय आणि शरीर ते वापरतंय. सिस्टीम बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार
दादा उतरलाय. चेहरा निमुळता दिसतो. अर्धीच भाकरी खातो. डायट न सांगता सुरू झालं. हे वजन असंच कमी झालं तर मी एकटा पुरेसा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
स्नेहल आली होती. मी मुद्दाम अर्धी रजा घेतली, प्रगती दाखवायला. तिने कूस वळवून पाहिलं. माकडहाडावर जखम. दोन रुपयांच्या नाण्याएवढी, आत खोल. तिने चार्ट पाहिला. म्हणाली, "काल दुपारी दोनला, चारला कूस कोणी बदलली?" मी म्हटलं, खूण आहे ना. ती म्हणाली, "खूण आजच्या संध्याकाळी सहाचीही आहे." तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते.
संगीता म्हणाली, दुपारी मी आणि मंगळी बदलतो, पण दहा दिवस झाले भावजी हात लावू देत नाहीत. हलवायला गेलं की डोळ्यांत पाणी आणतात.
मला कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
मंगळीने हद्द केली. संध्याकाळी मला अंगणात गाठलं. "भाऊ, दादा पानी पीत नाय. जग खिरकीतना बाहेर वततो. मी सोता बघला."
मी म्हटलं, माझ्या भावाला वेडा ठरवतेस? ती म्हणाली, "येडा नाय तो. शाना हाय. त्याला इचारा तरी." मी म्हटलं, आमच्या घरातल्या माणसावर पाळत ठेवायची नाही. उद्यापासून येऊ नकोस.
तिने पायरीवरची चप्पल घातली आणि गेली. संगीताने आज माझं ताट वाढून झाकून ठेवलं आणि आत निघून गेली.
दादाला विचारलं नाही. उगाच त्याला वाईट वाटेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी दादाचं अंग भट्टीसारखं. हाक मारली तर "आलो, आलो, टोप उतरवा," असं काहीतरी. ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर मावेना. शेवटी पलंगावरची चादर आणि आठ जण. संगीता तीन म्हणाली. माझ्या हाताला कोपरा मिळाला नाही.

शहापूरचे डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच नाही, किडन्या बसत चालल्यात, जखमेतून विष पसरलंय. विचारलं, दिवसाला किती पाणी प्यायचे? मी चार्ट नेला होता. पुढे केला. त्यांनी दोन पानं पाहिली, घडी घातली आणि परत दिला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
सलाईनवर दादा शुद्धीत आला. संगीता उशाशी होती, मी दाराशी. तिला वाटलं मी चहाला गेलोय. तिने विचारलं, "भावजी, पाणी का फेकायचात?"
दादा बराच वेळ शब्द जुळवत होता.
"पानी पिला का जावा लागतो. लागला का तो मला उचलतो." मग म्हणाला, "त्याला काय बोलू नको गो. लहान हाय तो."
मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
मग चहाला गेलो.

५ मार्च, बुधवार
डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं. इथे ठेवून आता उपयोग नाही. घरी न्या. किती दिवस ते सांगता येणार नाही, पण महिने म्हणू नका. मी विचारलं, बसता तरी होईल ना? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वजन विचारलं. ११२ म्हणाले.

मंगळीकडे मी जाणार होतो. शब्द ठरवले होते. वाडीच्या तोंडाशी पोचलो तर ती आणि संगीता समोरून येताना दिसल्या. मी बाजूला झालो.

१२ मार्च, बुधवार
दादा घरी. मंगळी सकाळी येते, दुपारी घरी जाऊन चुलीचं बघून येते, मग संध्याकाळपर्यंत असते. दर दोन तासांनी कूस. जखमेला हवा. टाचांखाली मऊ उशी. दोघी करतात. बोलत करतात. मध्येच दादाला विचारतात, पन्नास पानांना डाळ किती घ्यायची, आणि तो सांगतो.

आज मला सुट्टी. दुपारी अडीचला संगीता कपडे वाळत घालत होती. खोलीत दादा आणि मी. ओठ सुकलेले दिसले. ग्लास भरला. त्याची मान हाताने थोडी वर घेतली, हळू, मंगळी घेते तशी. आधी सांगून. ग्लास ओठाला लावला.

त्याने तोंड उघडलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी मला ताप असला की पाहायचा, तसं.
मग विचारलं, "मंगळी हाय का घरात?"
मी म्हटलं, वाडीवर गेलीय. चारला येईल.
"मंग चारला पितो," दादा म्हणाला.

ग्लास झाकून ठेवला.