कोंबड्याचं कडवं

४ ऑगस्ट १९३१
जमलं! गाईची धार काढता काढता सुचलं —
कोंबडा गेला बंदरावरी,
आरवणं हरवून आला घरी!
आमच्या नॉर्मन बोलीशिवाय हे असं झणझणीत बसलंच नसतं.
कोंबडा म्हणजे शेजारचा अल्सीद. शेरबुर्गच्या गोदीत तीस वर्षं काढून पेन्शनीवर गावी आला, तेव्हापासून तोंडात फक्त शाळेचं फ्रेंच. रोज संध्याकाळी किटली घेऊन दारात — "बाईसाहेब, अर्धा लिटर दूध मिळण्याची शक्यता आहे का?" शक्यता! लहानपणी याच माणसाबरोबर खडकांत खेकडे पकडलेत मी.

९ ऑगस्ट
मळणीला गायलं. सगळ्यांनी उचलून धरलं. पोस्टमनसुद्धा तीच चाल शिट्टीवर वाजवत गेला. काय मजा आली!

१२ ऑगस्ट
अल्सीद तीन दिवस दुधाला आला नाही. माझी बहीण झेली म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड नाही. बोली बोलला म्हणून मास्तर त्याला रोज अंगणात उभं करायचे, विसरलीस?"
विसरले होते. आणि गाणं एकदा गावभर झालं की परत घेता येत नाही.
नवरा गेल्यापासून संध्याकाळी येणारं हे एकच माणूस. फाटकाकडे बघत बसते. दुधाच्या गिऱ्हाइकासाठी कोणी असं बसत नाही.

१३ ऑगस्ट
नाही आला.

२२ ऑगस्ट
झेलीच्या लेकीचं, फ्लाव्हीचं लग्न! कोठारात लांबलचक टेबलं, मटण, सायडर, मध्येच कालव्हादोस ब्रँडीचा घोट — की पुन्हा पोटात जागा. मग रीतीप्रमाणे एकेकाचं गाणं. कोणा मेल्याने नेमका माझा कोंबडाच काढला! मी टेबलाखाली शिरायची तेवढी राहिले.
ज्याची थट्टा, त्याने त्याच चालीवर उत्तर द्यायचं, अशी आमच्यात रीत. नाही दिलं तर अबोला कायमचा.
अल्सीद उभा राहिला. कोटाची बटणं लावली. आणि गायला — आमच्या बोलीत!
हरवलं न्हाई गं, ठेवलं जपून,
तू हाक मारशील कधी म्हणून!
आवाज चिरका, सूर भलतीकडेच. कोठार दणाणून गेलं. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. झेली म्हणते, दोन्ही.

२३ ऑगस्ट
अल्सीद सकाळीच आला, रिकाम्या हाताने. किटली कुठंय, विचारलं.
"ती कशाला? दूध आता हितंच पीत जाईन म्हणतो. तू ठेवून घेशील तर."
फडताळातून दुसरा वाडगा काढला.