मागं कुणीच नव्हतं

सर, हे लिहायला लय उशीर केला. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी कोकणात मासळीच्या टेम्पोवर होतो. म्हटलं, गावी वडूजला गेलो की लिहू. मग टेम्पो सुटला, पुढं रसवंती, पुढं टायरचं दुकान, आणि वडूज राहूनच गेलं. आता सांगलीच्या दवाखान्यात पाय उशीवर ठेवून पडलोय, हात तेवढे रिकामे आहेत. (वरचा पंखा लंगडतोय, त्याच्याकडं बघत बसलो की लिहायचं राहतं.)

शनिवारी आष्ट्यात आमच्या गॅरेजवाल्यांची आणि शेजारच्या हॉटेलवाल्यांची कबड्डी लागली. शाळा सुटल्यापासून मी मैदानात पाय ठेवला नव्हता. चढाईला जोर लावला आणि टाचेच्या वर फट्‌ झालं. खाली बसलो, वळून ओरडलो, "लाथ कुणी घातली रं?" मिस्त्री लांबूनच म्हणाला, "गड्या, तुझ्या मागं कुत्रं बी न्हाई!" सगळे हसले. मला तुम्ही आठवलात.

शाळेचं मैदान. आठवडाभर खुर्चीत बसून तुम्ही हजेऱ्या भरता आणि शनिवारी शिट्टी खिशात टाकून आमच्यात खेळायला उतरता. त्या दिवशी तुम्ही मला संघातून काढलंय आणि मी तुमच्या मागंच उभा आहे. तुम्ही पळायला निघता, मधेच खाली बसता, वळता, आणि माझ्या कानफटात. "मागनं लाथ घालतोस व्हय रं?" "न्हाई सर, आईशप्पथ!" "वर खोटं बोलतोस?" त्यानंतर मी शाळेत आलोच नाही. तुम्ही मुरगळलंय म्हणून तेल चोळून घेत राहिलात, ते शेवटपर्यंत पाय ओढतच चाललात. गाव म्हणायचं, त्या पोराच्या लाथेनं.

इथल्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल हललं नाही. मग तेच हसून म्हणाले, "कुणी लाथ घातली असं वाटलं ना? सगळे हेच सांगतात." टाचेची जाड शीर तुटते म्हणे. हे काही नवल नाही, असे पेशंट येतच असतात. जास्त करून बापेमाणसं, तिशी-चाळिशीतली, आठवडाभर बसून एखाद्या दिवशी जोरात पळणारी. थोडंफार चालता येतं, म्हणून लोक मुरगळलंय असं समजतात. सर, त्यांनी तुमचंच वर्णन केलं की. आणि माझंही, कारण मलाही तिशी लागली.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मीही पाय ओढत चाललो तर? बसून खायची सवय नाही मला. फॉर्मवर घरच्या माणसाची सही मागतायत. आईबाप नाहीत, मामा फोन उचलत नाही. काल न राहवून वडूजच्या जुन्या दोस्ताला फोन लावला, लाथेचं सगळं सांगितलं, सहीचंही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे विसरलो.

एक सांगायचं राहिलं. लाथ मी घातली नाही. पण त्या दिवशी रागानं पाय उचलला होता, सर. म्हणून इतकी वर्षं मलाच खात्री नव्हती.

दारात कुणीतरी नर्सला विचारतंय, "वडूजचा पोरगा कुठल्या खाटंवर हाय?" तुमच्या घरच्या काकू आल्यात. हातात तुमची काठी. मला अजून बघितलं नाही, पण विचारतायत, "सही कुठं करायची?"