फाटकापाशी मिसिंग

७ एप्रिल, सोमवार

गाडी आली घरी! धुळ्याहून नरडाण्यापर्यंत मीच चालवत आणली. हितेंद्र गेल्यापासून ती अंगणात नुसती उभी होती, इंजिन पार जाम झालं होतं. रतिलालभाऊंनी सगळं खोलून नव्याने बांधलंय — पिस्टन नवे, रिंगा नव्या, कार्बोरेटरसुद्धा दुसरा. हायवेवर कुरकुर न करता पळाली.

आणि घराच्या फाटकापाशी वेग कमी केला तर — दोन ठसके, जरा गप्प, मग एक ठसका. हितेंद्रची गाडी अशीच यायची. मी मागे लागायचे, ट्यून करून घे बाबा एकदा, आणि हा हसण्यावारी न्यायचा. 

फाटक आधीच उघडलेलं. आई — म्हणजे माझ्या सासूबाई — कडी धरून उभ्या. "हितू उना," म्हणाल्या, म्हणजे मुलगा आला. माझ्याकडे बघून नाही. गाडीकडे बघून.

८ एप्रिल

आजही तेच. शिरपूरला कॉलेजच्या लायब्ररीत जाताना गाडी शहाण्यासारखी गेली. येताना फाटकापाशी ठसके. आई कडी धरून.

११ एप्रिल

रतिलालभाऊंना फोन केला. म्हणाले, "वहिनी, नवं बांधलेलं इंजिन बसायला वेळ घेतं. थोडी चालू द्या, दाबू नका. आत्ताच ट्यूनिंगला हात लावला तर उलट बिघडेल. मग ठरवू." ठीक. त्यांना त्यातलं कळतं, आपण गप्प बसावं. पण नवं इंजिन जुनी खोड कुठून शिकलं, हे विचारायचं राहिलंच.

१४ एप्रिल

आईंनी संध्याकाळी ताट वाढून ठेवलं. त्याचं. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा फोडून. मी उचलायला गेले तर माझा हात धरला.

"थांब ना. हातपाय धोई राहिना तो."

हातपाय धुतोय म्हणे. मोरीत पाण्याचा आवाज नव्हता. मी नीट ऐकलं, नव्हता. तरी तिकडे मान वळवून बघायचं धाडस झालं नाही. लायब्ररीत पोरांवर डोळे वटारणारी मी!

१८ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. हितेंद्र गेल्यानंतरची पहिलीच. आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढतात. मी नुसतं म्हटलं, कुंभाराकडून यंदा एक घागर जास्त आणू. आई अगदी शांतपणे म्हणाल्या, "ज्या मरनात त्यास्नी घागर भरतस. मना हितू त रोज येस."

मला भयंकर राग आला. आईंचा नाही, त्या गाडीचा. त्याच्या तोंडावर शेवटची चादर मी ओढली आहे. म्हातारीला मरेपर्यंत फाटकात उभं करून ठेवायचं का या भंगाराने? बस झालं. ट्यून करायचीच.

२२ एप्रिल

धुळ्याला गेले. रतिलालभाऊंनी गाडी गावभर फिरवली. बोनेट उघडून कान लावला, प्लग काढून बघितले. स्वच्छ. "यात ट्यून करण्यासारखं काही नाही, वहिनी. तुमच्या पायाची सवय असेल. हितेंद्रभाऊंकडूनच शिकलात ना?"

इतकं बरं वाटलं! माझा पाय! एवढंच! म्हटलं, मग तुम्हीच चालवा नरडाण्यापर्यंत, खात्री होऊ दे. मी शेजारी बसले. वाटेत त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या गप्पा झाल्या. फाटक आलं, त्यांनी गिअर उतरवला.

दोन ठसके. गप्प. एक ठसका.

आईंनी फाटक उघडलं. रतिलालभाऊ खाली उतरलेच नाहीत. चहा टाकते म्हटलं, तर नको. "हे ठसक्यांचं मिसिंग माझ्या ओळखीचं आहे," म्हणाले. "कितीदा म्हटलं होतं त्यांना, काढून देतो म्हणून." मग माझ्याकडे न बघता, "तुम्ही सांगाल तसं. करू ट्यून?"

आई फाटकात उभ्या होत्या. पदर नीट केलेला, तोंडभर हसू. मी म्हटलं, करा.

गाडी घेऊन ते परत गेले.

२३ एप्रिल

एसटीने आले. फाटक बंद. आई ओट्यावर बसलेल्या. "आज नही उना," म्हणाल्या. ताट झाकलेलंच राहिलं. रात्री त्याही जेवल्या नाहीत.

२७ एप्रिल

आज ताट वाढलं नाही त्यांनी.  घरात भांडं पडलं तरी दोघी दचकतो.

३० एप्रिल, आखाजी

आईंनी घागर भरली. मी न सांगताच. कुंभाराकडे स्वतः जाऊन आल्या होत्या. दुपारी घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, उंबऱ्यावर बोटं ओढायला बसल्या. आजेसासऱ्यांचं नाव. सासऱ्यांचं नाव. मग थांबल्या. बोटावरचं कुंकू वाळलं असेल इतका वेळ. "हितेंद्र," म्हणाल्या. हितू नाही — हितेंद्र. बोट ओढलं, हात पुसला आणि जेवायला बसल्या. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

हेच हवं होतं ना मला? मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

१ मे

रतिलालभाऊंचा फोन. गाडीला हात लावायचा धीरच झाला नाही म्हणाले. गॅरेजमध्येही बंद करताना रोज तेच मिसिंग. "आणि काल दुपारी थांबलं, वहिनी. आपोआप. मी एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. आता एकदम साफ चालतेय, घेऊन जा."

मी म्हटलं, "भाऊ, ते मिसिंग परत आणता येईल का?"