आठवा माइक

३ मार्च, सोमवार

फिती भाजून निघाल्या. चोपन्न अंश, आठ तास. जुनी फीत ओल धरते. तशीच लावली तर चुंबकी थर खरवडून निघतो आणि त्याबरोबर आवाजही. भाजलेली फीत थोडेच दिवस टिकते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. चारही रिळं ठीक.

छत्तीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रम. कंपनी त्याची रेकॉर्ड नव्यानं काढतेय. ड्रमवर बाबा. साहेब म्हणाले, "बापाचा माल लेकीच्या हाती. घरचंच कार्य!" मी हसले नाही. माझ्या वाट्याचंही तेच हसले.

आठ ट्रॅक आहेत. सातांवर वाद्यं आणि गळे. आठवा माइक प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेला. रेकॉर्डमध्ये तो वापरलाच नाही, टाळ्या दुसऱ्याच एका कार्यक्रमातून आणून चिकटवल्यात. का, ते कागदपत्रांत कुठे नाही.

टेबलावर एक पत्र होतं. त्या कार्यक्रमाला आलेला बावीस वर्षांचा मुलगा मेला होता. चौकशीचा निष्कर्ष — कार्यक्रम संपल्यावर, हॉलबाहेर, पायऱ्यांवरून पडून. त्याची मोठी बहीण निवृत्त शिक्षिका आहे. दर वर्षी पत्र लिहिते : माझा भाऊ हॉलच्या आतच मेला, गाणं चालू असताना. टेप असेल तर मला एकदा ऐकू द्या. कंपनी दर वर्षी कळवते : टेप ओलीनं खराब झाली.

"नेहमीचं उत्तर टाक," साहेब म्हणाले.

टेप माझ्या हातात होती. अजून कोमट.

४ मार्च, मंगळवार

आठवा ट्रॅक ऐकला. तिसरं गाणं.

ड्रमचा सोलो एक मिनिट पन्नासला सुरू होतो. २:०६ ला पुढच्या रांगांतून आरडाओरडा. मग खुर्च्या. मग काठ्या — काठी हाडावर बसते तेव्हा आवाजाला शेपूट नसते. लगेच तुटतो. एक तरुण आवाज : "सोडा! मला सोडा!" चारदा. त्याच्या अगदी जवळ दुसरा, जरा मोठ्या माणसाचा : "चल... मी आहे... अरे थांबा, पोरगं आहे!" ३:४० नंतर तरुण आवाज नाही.

ड्रम ४:०५ पर्यंत चालूच.

म्हणजे बाहेर नाही. कार्यक्रमानंतर नाही. बाई छत्तीस वर्षं खरं लिहिताहेत.

दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायची तांत्रिक गरज नव्हती.

६ मार्च, गुरुवार

बाबांना विचारलं. शिकवणी संपवून ते पुढच्या खोलीत काठ्या पुसत होते. त्यांचा उजवा कान गेलाय, म्हणून मी डावीकडे बसले.

"त्या दिवशी हॉलमध्ये मारामारी झाली होती?"

"कुठल्या हॉलमध्ये झाली नाही ते विचार." मग नेहमीचं सांगू लागले — गुरूंनी पहिल्या दिवशी दिलेला नियम. भांडण जुंपलं की वाजवत राहायचं, वर आवाज वाढवायचा. वाद्य थांबलं की सगळा हॉल स्टेजकडे बघतो, आणि पुढची खुर्ची तुमच्या डोक्यात येते. गुरूंना त्यांच्या गुरूंनी सांगितलेलं. गुत्त्यांतून नाचघरांत, नाचघरांतून हॉलमध्ये. "भांडणाला ताल मिळाला की ते लवकर दमतं," असं म्हणायचे म्हणे.

"तुम्हाला खालचं दिसत होतं?"

"धूर सोडला होता. त्यात दिवा डोळ्यावर."

आतून आई : "लेकीनं चौकशी आयोग नेमलाय वाटतं! अहो, साक्षीदारांना चहा मिळतो का विचारा."

बाबा हसले नाहीत. आईच्या विनोदाला ते नेहमी हसतात.

७ मार्च, शुक्रवार

नेहमीचं उत्तर टाइप केलं. पाठवलं नाही.

१० मार्च, सोमवार

त्या सोलोत एक जागा प्रसिद्ध आहे. २:१४ ला ड्रम अचानक थांबतात. चार मात्रा काही नाही. १.९ सेकंद. मग जे सुटतं ते आजही ड्रम शिकणारा प्रत्येक जण घोटतो. त्या चार मात्रांवर लेख आहेत. एकानं लिहिलंय, शांतता वाजवण्याचं धाडस.

ड्रमचे ट्रॅक मोजले. बाबांचा डावा हात उजव्यापेक्षा साधारण अकरा मिलिसेकंद मागे असतो. त्या दिवशीच्या सगळ्या गाण्यांत तसंच. काल शिकवणीत मोबाइलवर घेतलं, आजही तसंच. माणसाची सही बदलेल, हा फरक बदलत नाही.

२:१६ ते ४:०५ या भागात उलटं आहे. मागे पडतो तो उजवा हात. प्रत्येक रोलची, म्हणजे दोन्ही हातांच्या सलग ठोक्यांची, सुरुवात डाव्यानं.

म्हणजे ते धाडस नव्हतं. एक माणूस उठला आणि दुसरा बसला, त्याला लागलेला वेळ होता.

आमच्या घरात डावखुरं माणूस एकच आहे. मी घरी पोचले तेव्हा ते कांदा चिरत होतं.

११ मार्च, मंगळवार

"आई, सोलो तू वाजवलास?"

सुरी थांबली नाही. "छत्तीस वर्षं एकाही दीडशहाण्याला कळलं नाही," ती म्हणाली. "शेवटी पोटच्या पोरीनं पकडलं!"

ती तेव्हा कोरसमध्ये होती एवढंच मला माहीत होतं. ड्रम बाबांनीच शिकवले, लग्नाआधी, तालमीच्या सुट्टीत. सगळ्यांना एकसारखी चमचमती जाकिटं, वर धूर, एकच लाल दिवा. कोण बसलंय ते कुणाला दिसणार? गायक मागे न बघता हातानं सांगत होता — चालू ठेवा, चालू ठेवा. जागा रिकामी. ती जाऊन बसली.

"बाबा कुठे होते?"

"खाली."

"काय करत होते?"

"ते त्यांना विचार. मी ताल सांभाळत होते." मग चिरलेला कांदा पातेल्यात सारून, "मी थांबले असते तर सगळ्या हॉलनं ती रिकामी जागा बघितली असती, आणि मग खाली तुझ्या बापाकडे."

डोळ्यांत पाणी होतं. कांदाही होता. नोंद म्हणून लिहिते, निष्कर्ष काढत नाही.

१२ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत कपाटातल्या जुन्या कार्यक्रमांच्या नोंदी काढल्या. ठरल्यापेक्षा लांबलेली गाणी — एकोणीस. त्यांतल्या सहांपुढे रेकॉर्डिस्टचा शेरा : 'प्रेक्षकांत गडबड'. एकापुढे : 'गडबड, रुग्णवाहिका, पण टेक उत्तम'.

सहांपैकी दोन गाणी लोक आजही लग्नांत लावतात. लांबलेलीच.

१३ मार्च, गुरुवार

बाबांना स्टुडिओत बोलावलं. हेडफोन दिला. चांगल्या कानावर त्यांनी स्वतःच हातानं दाबून धरला.

संपल्यावर हेडफोन गुंडाळायला लागले. वायर नीट गोल, गाठ न पडू देता. ती सवय मला त्यांच्याकडूनच लागली आहे.

"स्टेजवर चढू पाहत होता. जुनं गाणं म्हणा, एवढंच ओरडत होता. पुढे आयोजकांचे पाच गार्ड. काठ्या." वायरचं टोक खोचलं. "मी सोडवायला उतरलो गं. मागून कवळलं त्याला, ओढून बाहेर काढायचं म्हणून. त्याचे दोन्ही हात माझ्या मिठीत अडकले. त्याला ना डोकं झाकता आलं, ना काही. मी ओढतोय, ते मारताहेत. मी सोडलं असतं तर पळाला असता."

मी गुंडाळलेला हेडफोन त्यांच्या हातातून घेतला.

"'सोडा' म्हणत होता ना... ते गार्डांना नाही. मला."

दुसरा आवाज बाबांचा. छत्तीस वर्षांनी लहान, म्हणून ओळखला नव्हता — असं मी नऊ दिवस स्वतःला सांगत होते.

१५ मार्च, शनिवार

चूक केली. साहेबांना आठव्या ट्रॅकचं सांगितलं, बाबांचं नाही. वाटलं, ऐकून घाबरतील, टेप कुलपात टाकतील. मग बाईंना गुपचूप एक प्रत देता येईल.

साहेबांनी वीस सेकंद ऐकलं. हेडफोन काढला. चेहरा असा की घरात मूल झालंय.

"हे घालायचं! 'त्या दिवसाचा खरा हॉल.' लोक वेडे होतील."

"यात माणूस मरतोय."

"ज्या रेकॉर्डवर रक्त आहे ती म्हातारी होत नाही. या धंद्याचा इतिहास काढून बघ. चौकशी संपून जमाना झाला. कोण येतंय भांडायला?"

"त्याची बहीण."

"तिला एक सही केलेली प्रत पाठवू."

सोमवारी संध्याकाळपर्यंत फाइल हवी. म्हणजे सगळं जग ऐकणार. बाबांच्या मुलाखती शेकड्यानं आहेत; त्यांचा आवाज कुणीतरी जुळवणारच. मला जमलं ते दुसऱ्यालाही जमेल. मग प्रश्न एकच उरेल — ड्रमवाला खाली, मेलेल्याला धरून, काय करत होता?

१६ मार्च, रविवार

बाबा म्हणाले, "मी त्या बाईंकडे जातो. पाय धरतो. सांगून टाकतो."

आई उभी राहिली. "तुम्ही गेलात तर मी वाजवलेलं वाया गेलं."

कुणी जेवलं नाही.

१७ मार्च, सोमवार

बाबांचा आवाज काढला.

पाच तुकडे, मिळून चार सेकंद. त्यांच्या गळ्याच्या कंपनसंख्येच्या पट्ट्या उचलल्या आणि जागी शेजारचाच गोंगाट भरला. मुलाचा आवाज, काठ्या, खुर्च्या — सगळं जसंच्या तसं. सांधा मलाही सापडत नाही. चांगलं काम झालं.

मग उतरवलेली मूळ फाइल पुसली. सर्व्हरवर अजून चढवली नव्हती. मग फीत पुन्हा लावली आणि आठवा ट्रॅक कोरा केला. जे शिकले त्या सगळ्याच्या विरुद्ध.

साडेपाचला साहेबांना फाइल दिली.

१९ मार्च, बुधवार

प्रत घेऊन बाईंकडे गेले. दुकानात ऐकण्याआधी त्यांनी माझ्याकडून ऐकावं, एवढं तरी.

दुसरा मजला. खोली एकच, पण आवरलेली. पत्र्याच्या पेटीत स्वतःच्या पत्रांच्या कार्बन प्रती, तारीखवार. मला बरं वाटलं. असं माणूस मला कळतं. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि वेळा टिपत ऐकलं. ३:४० ला पेन्सिल ठेवली नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"यात आणखी कुणाचा आवाज नाही? त्याच्या जवळ?"

"नाही."

"नीट ऐकलंत?"

"माझं कामच ते आहे."

"हं." कागदाची घडी घातली. "तुम्ही घरी येऊन दिलंत. कंपनीनं कधी दार वाजवलं नव्हतं. पाणी घ्या, ऊन आहे."

प्यायले. त्या माझ्याकडे बघत होत्या — परीक्षेत गप्प बसलेल्या हुशार मुलीकडे बघावं तशा.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "रडल्या?" मी नाही म्हणाले. आई म्हणाली, "झालं एकदाचं." बाबा शिकवणीला बसले. आज ताल धरताना दोनदा चुकले.

२४ मार्च, सोमवार

बाईंचं पत्र. या वेळी कंपनीला नाही, मला.

'तुमचं आडनाव पाहूनच कळलं होतं तुम्ही कुणाच्या. मी त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होते. ड्रमवाला उतरला आणि त्यानं माझ्या भावाला मागून धरलं, हे मी पाहिलं. सोडवायला की मार खाऊ द्यायला, तेवढंच कळत नव्हतं. चौकशीत त्याचं नाव मी घेतलं नाही, कारण खात्री नव्हती. म्हणून टेप मागत होते. सोडवणारा माणूस काहीतरी बोलतो. थांबा म्हणतो, चल म्हणतो. हा एक अक्षर बोलला नाही. आता खात्री झाली. आता नाव घेणार आहे.'

लगेच फोन केला. सगळं सांगितलं. आवाज होता. शब्द हे होते. मी काढले, मूळ मीच पुसलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मुलगी असंच म्हणणार," त्या म्हणाल्या.